जुन्या पोलिश कायद्याची साधने: वाचायला आणि संपादायला सुरुवात कशी करावी

चौदाव्या शतकात पोलंडचा राजा काझिमिर महान याने केलेले कायदे वाचायचे आहेत, तर मूळ प्रत कुठल्या दप्तरखान्यात मागायची? कुठल्याच नाही, कारण मूळ प्रत उरलेलीच नाही. उरल्या आहेत त्या पुढच्या काळात वकिलांनी, पाद्र्यांनी आणि न्यायालयाच्या लेखकांनी आपापल्या कामासाठी उतरवून घेतलेल्या नकला, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. कलमांचा क्रम वेगळा, संख्या वेगळी. मावोपोल्स्का आणि व्येल्कोपोल्स्का या दोन प्रांतांसाठी केलेले दोन वेगळे कायदे काही नकलांत एकत्र सांधलेले आहेत. परंपरेने सांगितले जाणारे १३४७ हे सालसुद्धा वादातीत नाही.

या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्याने पहिल्या दिवसापासून एक सवय लावून घ्यावी. कुणी जुन्या पोलिश कायद्याचे कलम उद्धृत केले की आधी विचारायचे: हा पाठ कुठल्या हस्तलिखितातला, तो कुणी वाचला आणि कधी छापला? पुढचे सगळे कौशल्य या प्रश्नाभोवतीच उभे राहते. कायदा किंवा इतिहास शिकलेल्या, पण या साधनांना अजून हात न लावलेल्या वाचकासाठी ही वाट पायरीपायरीने मांडली आहे. मोडी कागद वाचायची सवय असलेल्यांचा एक टप्पा आधीच पार पडलेला असतो. लेखकाच्या हाताची वळणे ओळखणे, संक्षेप सोडवणे आणि जुन्या पद्धतीची तारीख आजच्या तारखेत बसवणे, ही कामे त्यांना परकी वाटणार नाहीत.

पहिली पायरी: साधनांचा नकाशा

सुरुवातीला सगळे वाचायला जाऊ नका. कुठल्या प्रकारचा कागद कशासाठी तयार झाला, एवढे आधी डोक्यात बसवा.

लेखी कायद्याआधी रूढी होती. पोलिश रूढींचा आज माहीत असलेला सर्वांत जुना संग्रह तेराव्या शतकातला आहे आणि तो जर्मन भाषेत आहे. पोलिश प्रजेचे खटले चालवताना प्रशियातल्या ट्युटॉनिक सरदारांच्या, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या, न्यायाधीशांना या रूढी माहीत असणे भाग होते, म्हणून तो लिहिला गेला. एल्ब्लाँग या शहरावरून त्याला एल्ब्लाँगची पोथी म्हणतात. तापलेले लोखंड आणि पाणी यांनी खरेखोटे ठरवणाऱ्या दिव्य-परीक्षांचे वर्णन त्यात आहे. यूझेफ मातुशेव्स्की यांनी १९५९ मध्ये पोलिश भाषांतरासह काढलेली त्याची आवृत्ती नवख्याला सोयीची पडते.

त्यानंतर येतात राजाने दिलेल्या सनदा: कोशित्से १३७४, न्येशावा १४५४ आणि अशा आणखी कितीतरी. श्लाख्ता म्हणजे पोलंडचा सरदारवर्ग. त्याचे हक्क या सनदांतून वाढत गेले. १५०५ मध्ये रादोमच्या सेइममध्ये 'निहिल नोव्ही' हा कायदा झाला. राजाचे सल्लागार आणि प्रांतांचे प्रतिनिधी या दोघांच्या संमतीवाचून राजाने नवे काही ठरवू नये, असा त्याचा आशय. सेइम म्हणजे संसद, आणि तिथून पुढे कायद्याचा मुख्य झरा तीच झाली. इथे एक सावधगिरी बाळगा. जुन्या कागदांत 'कोन्स्तितुत्स्या' म्हणजे सेइमने संमत केलेला कोणताही कायदा. एकाच सेइममधून असे कित्येक निघत. आजच्या अर्थाची राज्यघटना म्हणजे ३ मे १७९१ ची, आणि तिचे अधिकृत नाव 'शासनविषयक कायदा' असे होते.

शहरांचा कायदा निराळा. क्राकूव्ह, पोझनान अशी शहरे माग्देबुर्गच्या जर्मन कायद्याने चालत. त्या कायद्याखालच्या खटल्यांसाठी काझिमिरने १३५६ मध्ये क्राकूव्हच्या वावेल किल्ल्यात वरिष्ठ न्यायालय नेमले, म्हणजे अपील घेऊन माग्देबुर्गला जावे लागू नये. सोळाव्या शतकात बार्त्वोमेय ग्रोईत्स्की यांनी शहरी न्यायाधीशांसाठी पोलिश भाषेत हस्तपुस्तके लिहिली. ती औपचारिक कायदा नव्हती, पण न्यायालयात ती कायद्यासारखीच वापरली जात. लिथुआनियाचे स्वतंत्र संहितारूप कायदे १५२९, १५६६ आणि १५८८ चे. त्यांची भाषा रुथेनियन, म्हणजे पूर्व स्लाव्ह कुळातली त्या राज्याची कारभाराची भाषा. तिसरी संहिता व्हिल्नियसला छापली गेली आणि पोलंड-लिथुआनियाचे राज्य नकाशावरून पुसले गेल्यानंतरही काही भागांत १८४० पर्यंत अमलात राहिली.

हे सगळे झाले नियमांचे कागद. प्रत्यक्ष न्याय कसा चालला, ते न्यायालयांच्या नोंदवह्यांतून कळते, आणि माझ्या मते नवख्याने सुरुवात तिथूनच करावी. सरदारांसाठी दोन मुख्य न्यायालये होती. जमीनजुमल्याचे खटले चालणारे 'झेम्स्की', आणि राजाचा अधिकारी स्तारोस्ता याच्या किल्ल्यातले 'ग्रोद्स्की'. जाळपोळ, वाटमारी, घरावर हल्ला आणि बलात्कार हे चार गुन्हे ग्रोद्स्की न्यायालयाच्या अखत्यारीत येत. खेड्यांची स्वतःची न्यायालये होती आणि त्यांच्याही वह्या होत्या. बोलेस्वाव उलानोव्स्की यांनी जमवलेला गावन्यायालयांच्या वह्यांचा मोठा संग्रह १९२१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, छापून आला. वाटण्या, हुंडा, बांध, शिवीगाळ, म्हातारपणी सांभाळ करण्याच्या बोलीवर मुलाला दिलेले घर, असा सारा गाव त्यात भेटतो.

दुसरी पायरी: भाषा कोणत्या क्रमाने शिकायच्या

पोलिश आधी, मग लॅटिन, असा बहुतेकांचा बेत असतो. मी उलटा क्रम सुचवेन. १५४३ पासून सेइमचे कायदे पोलिशमध्ये निघू लागले, पण न्यायालयांच्या वह्यांत लॅटिन त्यानंतरही फार काळ टिकून राहिले. शिवाय दप्तरी लॅटिन हे साहित्यातल्या लॅटिनपेक्षा सोपे असते. तीच वाक्ये, तीच क्रियापदे पुन्हा पुन्हा येतात: अमुक इसम जातीने हजर राहिला, त्याने कबूल केले, न्यायालयाने मुदत दिली. पन्नास नोंदी नीट वाचल्या की एक्कावन्नावीचा सांगाडा डोळ्यांना आपोआप दिसतो. शास्त्रीय लॅटिनचा कोश मात्र इथे फसवतो. पोलंडमधल्या मध्ययुगीन लॅटिनचा वेगळा कोश आहे. मार्यान प्लेझ्या यांच्या संपादनाखाली १९५३ पासून तो खंडाखंडाने निघत आला. तोच वापरा. जुन्या पोलिशसाठी १९५३ ते २००२ या काळात अकरा खंडांत निघालेला 'स्वोव्हनिक स्तारोपोल्स्की' हाताशी ठेवा.

शहरी वह्यांवर काम करायचे असेल तर जुनी जर्मन लागेल, लिथुआनियावर करायचे असेल तर सिरिलिक लिपी आणि रुथेनियन. हे विषय निवडल्यानंतर ठरवा.

तिसरी पायरी: छापील आवृत्त्या, आणि त्यांवर किती विसंबायचे

कुठल्याही पोलिश कायदेविषयक लेखाच्या तळटीपेत 'व्होलुमिना लेगुम' हे नाव भेटेलच. यूझेफ आन्द्जेय झावुस्की आणि स्तानिस्वाव कोनार्स्की यांनी हा सेइमच्या कायद्यांचा महासंग्रह हाती घेतला आणि वॉर्सॉच्या पियारिस्ट पाद्र्यांच्या छापखान्यातून १७३२ पासून त्याचे खंड निघू लागले. आठ खंड पुरे व्हायला १७८२ उजाडले. पुढे योझाफात ओहरिझ्को यांनी १८५९-६० मध्ये सेंट पीटर्सबर्गला तो पुन्हा छापला. नववा खंड १८८९ मध्ये क्राकूव्हला निघाला आणि दहावा १९५२ मध्ये पोझनानला. अठराव्या शतकात असे काम उभे करणे ही मोठीच गोष्ट होती, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तो संग्रह वकिलाच्या आणि प्रतिनिधीच्या हाताला लागावा म्हणून केलेला होता. हस्तलिखिते समोरासमोर ठेवून पाठ तपासणे हा त्याचा हेतू नव्हता. संदर्भ शोधायला तो वापरा, पण एखाद्या शब्दावर युक्तिवाद उभा करायचा असेल तर तिथे थांबू नका. जुन्या लेखनात दिलेला पानक्रमांक बहुधा पहिल्या छपाईचा असतो. तो ओहरिझ्कोच्या पानात शोधत बसाल तर सापडणार नाही.

एकोणिसाव्या शतकात चित्र बदलले. आंतोनी झिग्मुंट हेल्त्सेल यांनी 'स्तारोदाव्ने प्राव्हा पोल्स्क्येगो पोम्निकी' या मालेचा पहिला खंड १८५६ मध्ये काढला आणि काझिमिरच्या कायद्यांच्या वेगवेगळ्या हस्तलिखितांची तुलना करून पाठ मांडला. दुसरा खंड १८७० मध्ये आला. पुढे क्राकूव्हच्या विद्वत्परिषदेने ही माला चालवली. ल्व्हीवच्या बर्नार्डाइन मठातल्या दप्तरातून 'आक्ता ग्रोद्स्क्ये इ झेम्स्क्ये' ही माला १८६८ पासून निघू लागली आणि १९३५ पर्यंत तिचे पंचवीस खंड झाले.

मग येतात ओस्वाल्ड बाल्झेर. ल्व्हीवचे प्राध्यापक, जन्म १८५८, मृत्यू १९३३. सगळ्या पोलिश कायद्यांची शास्त्रशुद्ध आवृत्ती काढायची, असा त्यांचा संकल्प होता. 'कोर्पुस यूरिस पोलोनिची'चा तिसरा खंड १९०६ मध्ये निघाला, १५०६ ते १५२२ या काळाचा. पहिले दोन कधीच निघाले नाहीत, कारण त्याआधीच्या काळातला हस्तलिखितांचा गुंता सुटता सुटत नाही. अपुरे राहिलेले हे काम कसे पाठ द्यावेत आणि कशा टीपा द्याव्यात याचा वस्तुपाठ म्हणून आजही उघडून बसावे असे आहे. याच बाल्झेरांनी तात्रा पर्वतातल्या मोर्स्क्ये ओको तळ्याच्या सीमावादात गॅलिशियाची, म्हणजे ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या पोलिश प्रांताची, बाजू मांडली. १९०२ मध्ये ग्राझ इथे लवादापुढे जुने दस्त आणि नकाशे यांच्या बळावर त्यांनी निकाल मिळवला. तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आज त्यांचेच नाव आहे. जुना कागद नीट वाचल्याने जमिनीवरची रेषा कुठे पडते, ते तिथे जाऊन पाहता येते.

सेइमच्या कायद्यांसाठी आज हाती घ्यायची आवृत्ती म्हणजे 'व्होलुमिना कोन्स्तितुत्सिओनुम'. स्तानिस्वाव ग्रोजिस्की, इरेना द्वोर्नीत्स्का आणि वात्स्वाव उरुश्चाक यांनी संपादलेला तिचा पहिला भाग १९९६ मध्ये सेइमच्याच प्रकाशनगृहाने काढला. तो १४९३ पासून सुरू होतो. त्यात प्रत्येक कायद्याखाली पाठ कुठून घेतला ते सांगितलेले असते. ज्या काळापर्यंत या आवृत्तीचे खंड निघाले आहेत, त्या काळासाठी जुना संग्रह उद्धृत करायला आता सबब उरलेली नाही.

सगळ्यांचा आढावा हवा असेल तर स्तानिस्वाव कुत्शेबा यांचा दोन खंडांतला साधनांचा इतिहास घ्या, १९२५-२६ चा. जुना झाला असला तरी त्याची जागा पूर्णपणे घेणारे पुस्तक मला दिसलेले नाही. नोव्हेंबर १९३९ मध्ये जर्मनांनी क्राकूव्हच्या प्राध्यापकांना फसवून एकत्र बोलावले आणि छळछावणीत धाडले. त्यांत कुत्शेबाही होते.

चौथी पायरी: मूळ कागद कुठे आहेत

वॉर्सॉचे 'आर्खिवुम ग्वूव्ने आक्त दाव्निख' हे जुन्या कागदांचे मध्यवर्ती अभिलेखागार १८०८ मध्ये स्थापन झाले. राजाच्या कचेरीतून निघालेल्या कागदांच्या नोंदवह्या, म्हणजे 'मेत्रिका कोरोन्ना', तिथे आहेत. क्राकूव्ह, पोझनान, लुब्लिन इथल्या सरकारी अभिलेखागारांत त्या त्या प्रांताच्या न्यायालयांच्या वह्या आहेत. जुन्या राज्याचा पूर्वेकडचा भाग आज युक्रेन, लिथुआनिया आणि बेलारूसमध्ये असल्याने ल्व्हीव, कीव्ह, व्हिल्नियस आणि मिन्स्क हेही तितकेच महत्त्वाचे.

घरबसल्या सुरुवात करायला पोलिश सरकारी अभिलेखागारांचे 'शुकाय व्ह आर्खिवाख' हे संकेतस्थळ आणि राष्ट्रीय ग्रंथालयाचा 'पोलोना' हा डिजिटल संग्रह पुरेसे आहेत. दोन्हीकडे नोंदवह्यांचे आणि जुन्या छापील ग्रंथांचे स्कॅन मोफत बघता येतात. जे बघाल त्याचा पूर्ण निर्देशांक लगेच लिहून ठेवा: अभिलेखागार, संग्रह, वहीचा क्रमांक, पान आणि पानाची कुठली बाजू. स्कॅनचा क्रमांक आणि पानाचा क्रमांक वेगळे असतात. उद्धृत करताना पानाचाच द्यायचा.

नुकसानीचा हिशेबही माहीत हवा. सप्टेंबर १९४४ मध्ये, जर्मनांविरुद्धच्या वॉर्सॉच्या उठावाच्या काळात, वॉर्सॉचे हे अभिलेखागार जर्मन सैन्याने जाळले आणि वह्यांचे ढीगच्या ढीग गेले. जिथे मूळ गेले आहे तिथे एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकाने केलेली नक्कल मुळाच्या जागी उभी राहते. आदोल्फ पाविन्स्की यांनी प्रांतिक सभांचे ठराव न्यायालयांच्या वह्यांतून उतरवून घेतले होते. त्यांच्या त्या फायली, 'तेकी पाविन्स्क्येगो', क्राकूव्हला आहेत, आणि काही प्रांतांच्या बाबतीत आपल्यापाशी तेवढेच उरले आहे. अशा वेळी पाठापेक्षा आधी नक्कल करणाऱ्याची सवय अभ्यासावी लागते. तो काय गाळत असे? स्पेलिंग सुधारत असे का? त्याच्या ज्या नकलांचे मूळ कागद शिल्लक राहिले आहेत, ते शेजारी ठेवून हे तपासता येते.

पाचवी पायरी: एका शपथेवर हात बसवा

आता प्रत्यक्ष काम. व्येल्कोपोल्स्काच्या न्यायालयांतल्या शपथा, म्हणजे 'रोटा', यासाठी सर्वांत उत्तम. जुन्यांपैकी जुन्या १३८६ च्या आहेत. हेन्रिक कोवालेविच आणि व्वादिस्वाव कुराश्क्येविच यांनी १९५९ ते १९८१ या काळात त्या पाच खंडांत छापल्या, आणि १४४६ पर्यंतच्या शपथांचा 'एरोथा' हा डिजिटल संग्रह इंटरनेटवर आहे.

नोंदीची घडण अशी. वर लॅटिनमध्ये कुणाचा खटला कुणाशी आणि साक्षीदार कोण, हे येते. त्याखाली शपथ, आणि ती मात्र पोलिशमध्ये, कारण साक्षीदाराला ती शब्दशः म्हणायची असे आणि शब्द चुकला तर खटल्यावर बेतत असे. 'ताको मि पोमोझि बुग इ श्व्येंती क्षिझ', देव आणि पवित्र क्रूस मला असे साहाय्य करोत. मग 'याको' या शब्दाने सुरू होणारा मजकूर: की यानने प्योत्रचा घोडा जबरीने नेला नाही, की मी अमुक इतके ग्रोश (त्या काळची नाणी) फेडले. दोन ओळींत भांडण, रक्कम, नाती आणि त्या काळची बोली.

कागद समोर ठेवा आणि छापील पाठ झाकून टाका. पहिल्यांदा फक्त अक्षरे उतरवा, जशी दिसतात तशी. लॅटिन ओळीत संक्षेप पुष्कळ. लॅटिन 'p' या अक्षराच्या खालच्या दांड्याला आडवी रेघ असेल तर 'पेर', डोक्यावर रेघ असेल तर 'प्रे', दांड्याला डावीकडून वळसा असेल तर 'प्रो'. रेघ कुठे आहे यावर अर्थ फिरतो, म्हणून स्कॅन मोठा करून बघा. पोलिश ओळीत अडचण वेगळी. स, श आणि दोघांच्या मधला मृदू उच्चार यांसाठी लेखक एकच अक्षर वापरतो, अनुनासिक स्वराला आडवी रेघ मारलेला 'ओ' लिहितो, आणि दुसऱ्याच नोंदीत स्वतःची पद्धत बदलतो. याकुब पार्कोशोव्हिच यांनी १४४० च्या सुमारास पोलिश शुद्धलेखनाचे नियम मांडून पाहिले, पण लेखकांनी ते फारसे मनावर घेतले नाहीत.

म्हणून दोन पाठ तयार करा. एक मुळाबरहुकूम, अक्षराला अक्षर. दुसरा उच्चाराला धरून, आजच्या पोलिश लेखनपद्धतीत. पहिला भाषाशास्त्रज्ञाला लागतो, दुसरा कायद्याच्या अभ्यासकाला, आणि दोन्ही एकमेकांत मिसळले तर कुणाच्याच कामाचे राहत नाहीत. खोडलेले शब्द सोडू नका. न्यायालयात वाद होऊन शपथेचा मजकूर बदलला गेला की लेखक जुने शब्द खोडून वर नवे लिहितो, आणि ती खाडाखोड म्हणजे त्या वादाची एकमेव खूण असते.

एवढे झाल्यावर छापील पाठ उघडा आणि फरक मोजा. सुरुवातीला पुष्कळ निघतील. बहुतेक वेळा छापील बरोबर असेल. कधीतरी नसेल, आणि ती जागा ओळखता येऊ लागली की तुम्ही वाचायला शिकलात. ट्रान्सक्रिबससारखी हस्ताक्षर वाचणारी सॉफ्टवेअर्स आहेत, मोठ्या वह्यांना उपयोगीही आहेत, पण त्यांच्या चुका पकडण्याइतका हात बसल्यावरच त्यांच्याकडे वळा.

सहावी पायरी: तारीख आणि पैसा

तारखा सणांवरून दिलेल्या असतात. समजा नोंद म्हणते, १४१० साली, संत मार्टिनच्या सणानंतरचा 'फेरिया सेकुंदा'. फेरिया सेकुंदा म्हणजे सोमवार. रविवार पहिला धरतात. संत मार्टिनचा सण ११ नोव्हेंबरला. ग्रुनवाल्डची लढाई १५ जुलै १४१० ला मंगळवारी झाली हे पक्के माहीत आहे. तिथून ११ नोव्हेंबरपर्यंत ११९ दिवस, म्हणजे पूर्ण सतरा आठवडे. म्हणून तोही मंगळवार, आणि पुढचा सोमवार १७ नोव्हेंबर. रोज असे मोजत बसायला नको. पोलिश कालगणनेचे तक्ते छापलेले आहेत. पण एकदा हाताने करून पाहिले की तक्त्यातली चूक लक्षात येते.

इथे घसरायच्या जागा ठरलेल्या आहेत. संत स्तानिस्वावचे सण दोन, ८ मे आणि २७ सप्टेंबर. कुठला ते नोंदीतल्या आणखी एखाद्या शब्दावरून किंवा शेजारच्या नोंदींवरून ठरवा. 'ओक्ताव्हा' म्हणजे सणाचा दिवस धरून आठवा दिवस. मध्ययुगात वर्ष अनेकदा नाताळपासून मोजत, म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या नोंदीवर पुढचे साल असू शकते. १५८२ मध्ये पोलंडने नवे कॅलेंडर घेतले तेव्हा ४ ऑक्टोबरनंतर १५ ऑक्टोबर आला. ऑर्थोडॉक्स चर्चचे कागद जुन्याच गणनेने चालू राहिले.

रकमांत दोन मापे येतात. 'ग्झिव्ना' म्हणजे ४८ ग्रोश, 'कोपा' म्हणजे ६०. आजच्या पैशात रूपांतर करू नका. त्याच वहीत घोड्याची किंवा बैलाची किंमत काय लिहिली आहे ते टीपेत द्या. वाचकाला त्यातून जास्त कळते.

सातवी पायरी: संपादन

छापण्याजोगा काही मजकूर निवडलात की आधी त्याच्या सगळ्या प्रती शोधा. पोलंडमध्ये कागद न्यायालयाच्या वहीत उतरवून घ्यायची 'ओब्लाता' नावाची पद्धत होती. त्याने कागदाला कायदेशीर बळ मिळे आणि मूळ हरवले तरी नक्कल राही. ३ मे १७९१ च्या घटनेची अशी नोंद ५ मे रोजी वॉर्सॉच्या ग्रोद्स्की वहीत झाली. सेइमचा कायदा वेगवेगळ्या प्रांतांच्या वह्यांत नोंदला जाई, म्हणून त्याच्या प्रती बऱ्याच. काही सनदांची गत मात्र उलटी. ज्यूंना संरक्षण देणारी १२६४ ची कालिशची सनद मूळ रूपात उरलेली नाही. नंतरच्या राजांनी दिलेल्या मान्यतापत्रांत आणि यान वास्की यांनी १५०६ मध्ये क्राकूव्हला यान हालरच्या छापखान्यातून काढलेल्या कायदेसंग्रहात तिचा मजकूर भेटतो. मधल्या अडीच शतकांत कुठले वाक्य आत शिरले आणि कुठले गळाले, हाच तिथला खरा प्रश्न.

प्रत्येक प्रतीला एक अक्षर द्या. कुठली कुठल्यावरून उतरवली ते समान चुकांवरून शोधा. समान बरोबर शब्दांवरून नाते सिद्ध होत नाही, कारण बरोबर शब्द दोघांना वेगवेगळ्या वाटांनी मिळू शकतो. तीच ओळ दोघांनी गाळली असेल तर मात्र नाते जवळचे. मग एक प्रत आधाराला घ्या आणि तिला शेवटपर्यंत धरून राहा. इथून एक शब्द, तिथून एक शब्द घेऊन सुंदर पाठ रचण्याचा मोह प्रत्येकाला होतो. त्यातून असा कायदा तयार होतो जो कुठल्याही न्यायालयापुढे कधी वाचला गेला नाही.

नियम नव्याने शोधायची गरज नाही. पोलिश संपादक दोन सूचनापत्रांना धरून काम करतात. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या कागदांसाठी आदाम वोल्फ यांनी १९५७ मध्ये मांडलेले, आणि त्यानंतरच्या काळासाठी काझिमिएश लेप्शी यांच्या देखरेखीखाली १९५३ मध्ये निघालेले. त्यांचा सांगाडा असा. सुरुवातीला दोन-तीन वाक्यांत मजकुराचा गोषवारा, आजच्या गणनेत तारीख आणि ठिकाण. त्याखाली मूळ कुठे, नकला कुठे, आधी कुणी छापले. मग पाठ. निश्चित संक्षेप सोडवून लिहायचे; संपादकाने स्वतः घातलेले चौकोनी कंसात. पाठाविषयीच्या टीपांना अक्षरे, आशयाविषयीच्या टीपांना आकडे. ही शेवटची विभागणी काटेकोर पाळा. 'हा शब्द खोडून वर लिहिला आहे' आणि 'हा अमुक गावचा स्तारोस्ता' या दोन टीपा एकाच मालिकेत आल्या की वाचक दोन्ही सोडून देतो.

गावांची नावे ओळखताना १८८० ते १९०२ मध्ये निघालेला पोलंडचा मोठा भौगोलिक कोश लागेल. एकाच नावाची पाच-पाच गावे सापडतात. खटल्यातल्या शेजाऱ्यांची गावे नकाशावर मांडा, बहुतेक वेळा एकच पर्याय उरतो. उरला नाही तर टीपेत तसे लिहा.

आठवी पायरी: सूची आणि शेवटची तपासणी

सूचीवर पाठाइतकाच वेळ द्या. मोठ्या आवृत्त्या कुणी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत नाही, सूचीतूनच आत शिरतात. व्यक्ती, स्थळे आणि विषय या तीन सूची वेगळ्या ठेवा. मध्ययुगीन माणसाला आडनाव नसते, 'अमुक गावचा यान' एवढेच असते. जमिनी विकल्या की तोच माणूस दुसऱ्या गावचा होतो. अशांना सूचीत एकत्र आणताना पुरावा कोणता, ते आधी स्वतःच्या टिपणात लिहा. विषयसूचीत मूळ लॅटिन शब्द आणि त्याचा आजचा पर्याय दोन्ही द्या.

पहिले काम छोटे निवडा: एका वहीची दहा पाने, किंवा एकाच घराण्याच्या नोंदी. पोलंडमध्ये अशा लहान साधनांना जागा देणारी नियतकालिके आहेत. पोझनानचे 'चासोपिस्मो प्राव्नो-हिस्तोरिच्ने' १९४८ पासून आणि 'स्तुद्या झ्रुद्वोझ्नाव्चे' १९५७ पासून निघते. पाठवण्याआधी त्यांचे मागचे दोन-तीन अंक पाहून टीपांची आणि निर्देशांकांची पद्धत जुळवून घ्या.

छपाईची मुद्रिते आली की ती आपल्याच टाइप केलेल्या मजकुराशी ताडू नका, हस्तलिखिताच्या स्कॅनशी ताडा. हे काम दोघांनी करावे. एकाने मुद्रित मोठ्याने वाचायचे, विरामचिन्हे आणि कंससुद्धा म्हणून दाखवत, आणि दुसऱ्याने नजर फक्त स्कॅनवर ठेवायची. आकडे, विशेषनामे आणि तारखा दोनदा म्हणायच्या. जिथे दोघांपैकी एकालाही शंका आली तिथे थांबून समासात खूण करायची, निर्णय लगेच न घेता पुढे जायचे, आणि सगळे संपल्यावर त्या खुणांकडे ताज्या डोळ्यांनी परत यायचे.